प्रेक्षक आधी, विषय नंतर

"ए… जरा हे टोक धरतेस? प्लीज! नाहीतर माझा अख्खा डिसेंबर भिजेल!"

मी दचकून मागे पाहिलं. डहाणू रोड स्टेशनसमोरचं झेरॉक्सचं दुकान, पत्र्यावर धबाधबा कोसळणारा सप्टेंबर, आणि माझ्यासमोर एक मुलगा. पाठीवर सॅक, काखेत मोडकी छत्री, हातात चार्ट पेपरची भलीमोठी गुंडाळी… आणि तिचं सुटलेलं टोक थेट गटाराच्या दिशेनं निघालेलं!

मी टोक धरलं. विचारच केला नाही. त्याच्या डाव्या भुवईवर पावसाचा एक थेंब अडकला होता. तो पडत का नाहीये, याचीच मला उगाच काळजी लागली होती.

"डिसेंबर म्हणजे?" मी विचारलं.

"डिसेंबरात वेबमेळा आहे. त्याचा तक्ता हा. वर मीटिंग…" बोलता बोलता त्याची नजर काउंटरवर गेली. तिथे माझं पत्रक मशीनमधून नुकतंच बाहेर येत होतं. त्यानं मान वाकडी करून वाचलं. "नागलीचे पापड… रखमी आणि मैत्रिणी, उधवा… आणि खाली वेबसाइट? ही कोणी बनवली?"

"मी."

"म्हणजे बनवून घेतलीस?"

"मी म्हणजे मी! मोबाइलवर. चार दिवस लागले."

"सरस बनावी छे, बेन," दुकानातले गुजराती काका मशीनमागून म्हणाले. त्यांनी ती बघितलीसुद्धा नव्हती!

पण त्यानं बघितली. तिथल्या तिथे फोन काढून, पाऊस अंगावर घेत, एकेक पान बघितलं. आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की मी पटकन पत्रकं मोजायला लागले.

"वर चल," तो म्हणाला.

"मी? माझी जीप आहे…"

"पाच मिनिटं. आणि टोक तर तुझ्याच हातात आहे."

खरंच होतं की.

तर मी शितल. गाव उधवा, तालुका तलासरी, इयत्ता बारावी, ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण. मतदार यादीचा फॉर्म मी माझा मीच भरला. वर्षापूर्वी मला कोणी 'तुझं नाव काय' विचारलं तरी मी मान खाली घालायचे. मग आईच्या, म्हणजे रखमीच्या, बचत गटाची वेबसाइट केली, गुरुग्राममधून कोणीतरी पापड मागवले, आणि माझ्यात काय शिरलं कोण जाणे! वर्गात हात वर करायला लागले. पण तो जिना चढताना मी पायऱ्या मोजत होते. सतरा. भीती वाटली की मी मोजते.

वर अकरा जण. प्रत्येकाच्या मांडीवर लॅपटॉप. आणि फळ्यासमोर, चष्मा कपाळावर चढवलेल्या सरिता मॅडम. ते कॉम्प्युटर क्लासेस त्यांचेच. आम्ही ज्यावर वेबसाइट बनवतो ना, ते सॉफ्टवेअर कोणा एकाचं नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट. ते वापरणारी मंडळी कुठे कुठे जमतात, एकमेकांना शिकवतात. यंदा पहिल्यांदाच डहाणूत जमणार होती, म्हणून हा वेबमेळा.

"कोण काय बोलणार ते मला आज सांगू नका," मॅडम म्हणत होत्या. "ऐकायला कोण येणार ते सांगा. प्रेक्षक आधी, विषय नंतर! एका प्रकारच्या माणसाचं एक कार्ड. नाव, वय, गाव, काय हवंय, आणि भीती कशाची."

भिंतीवर काही गुलाबी कार्डं आधीच लागली होती. 'राहुल, २२, डहाणू. हवंय: नोकरी. भीती: इंटरव्ह्यूतलं इंग्रजी.' 'नेहा, ३०, बोईसर. हवंय: ऑनलाइन साडीविक्री. भीती: फसवणूक.' मला वाटलं, असतील यांच्या ओळखीचे राहुल आणि नेहा.

"पूर्वेकडच्या गावांतून कोण?" मॅडमनी विचारलं.

"तिकडून कोणी येत नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

माझे कान तापले. "येतील!" हा आवाज माझा होता. अकरा लॅपटॉपांवरून अकरा चेहरे वर आले. "येतील… पण त्यांना भीती वाटते."

"कशाची?"

"प्रत्येकीला वेगळी."

मॅडमनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "लिही."

आणि मी लिहिली. पाच कार्डं. माझ्या पाड्यातल्या पाच बायका, आईच्या गटातल्या. रूपी, तानी, अजून दोघी… आणि शेवटचं कार्ड काळी काकीचं. 'काळी, ४२, उधवा. हवंय: पापडांचे फोटो स्वतः टाकायला. भीती: बोट चुकीच्या ठिकाणी लागेल, सगळं पुसून जाईल, आणि मुलगा चारचौघांत ओरडेल… आई, तुला काही कळत नाही.'

मॅडमनी ते वाचलं, चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वाचलं. "याला म्हणतात कार्ड," त्या हळूच म्हणाल्या.

"कसलं सुचतं तुला!" तो मुलगा म्हणाला. एव्हाना मला त्याचं नाव कळलं होतं. धनेश.

सुचतं? मला काही सुचलं नव्हतं. मी फक्त जे होतं ते लिहिलं होतं. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि भुवईवरचा थेंब अजून तिथेच होता… मी 'थँक्यू' म्हणून मोकळी झाले.

तेव्हाच विचारायला हवं होतं. तेव्हाच!

*

मग दर रविवारी दोन जीपा बदलून मी डहाणूला जायला लागले. काळी काकीच्या कार्डावरून विषय निघाला, 'बटण चुकलं तर?' म्हणजे पान पुसलं गेलं तर जुनं परत कसं आणायचं. मॅडम म्हणाल्या, हे सेशन शितल घेईल. मॅडम पुढे म्हणाल्या, वेळ दुपारी दोनची ठेवू, तोवर तिकडच्या जीपा पोचतात. पण दोन वाजता मोठा हॉल धनेशचा होता. 'वेबसाइट धावेल कशी?' हा त्याचा विषय. सहा महिने तयारी चालली होती त्याची.

"मी बारक्या खोलीत जातो," तो म्हणाला. जणू खुर्ची सरकवायची होती.

"अरे, पण तिथे वीसच खुर्च्या!" मी.

"माझे श्रोते बारीक आहेत. तुझ्या चाळीस बायका येणार ना?"

"येणार," मी म्हणाले. छाती काढून म्हणाले. गावाला जाऊन पाड्यापाड्यावर सगळ्यांना विचारलंही होतं. काळी काकीनं तर कोणती साडी नेसायची तेही ठरवलं होतं.

मीटिंग संपली की तो जीपस्टँडपर्यंत यायचा. घर त्याचं वाढवणला, बरोब्बर उलट्या दिशेला. आई मासळी विकते, बाबा होडीवर. तो बी.एस्सी. आयटीच्या पहिल्या वर्षाला. खिशात कायम सुकवलेल्या चिकूच्या चकत्या, त्याही मोजून दोन द्यायचा. कंजूष!

"तुझं कार्ड कुठाय?" एकदा त्यानं विचारलं.

"मी आयोजक आहे. आयोजकांना भीती नसते."

"असं? मग जीपमध्ये बसलीस की एकदाही मागे वळून का बघत नाहीस?"

"पुढची सीट जाते!"

"जीपमध्ये बसल्यावर?"

मी चकती तोंडात टाकली आणि जीपमध्ये चढले. जीप निघाली. आणि मग… बघितलं. वळून. तो तिथेच उभा होता, मोडकी छत्री घेऊन, आणि पाऊस नव्हताच.

त्या दिवशी तलासरीपर्यंत मला भीती वाटत राहिली. कशाची, ते मात्र सांगता येत नव्हतं. सगळं फार छान चाललं होतं ना… त्याचीच बहुतेक.

*

भातं कापून झाली होती. दिवाळी आठवड्यावर होती. दुपारी चारला आमच्या अंगणात गटाची बैठक असते. मी घरी पोचले, तर बायका नेहमीसारख्या गोल बसलेल्या, पण आवाज नाही. बैठकीत आवाज नाही, असं कधी होत नाही. काळी काकीनं मोबाइल माझ्यासमोर धरला.

वेबमेळ्याच्या पानावर एक फोटो. आमची भिंत. वर ठळक अक्षरांत, 'भेटा आमच्या प्रेक्षकांना!' आणि फोटोच्या मधोमध, माझ्या वळणदार अक्षरात… काळी, ४२, उधवा.



"मनिषनं पाठवला," काकी म्हणाली. मनिष तिचा मुलगा, वापीला कारखान्यात असतो. "त्याच्या रूमवरच्या पोरांनीपण बघितला. फोन केला त्यानं. म्हणाला, आई, मी तुझ्यावर ओरडतो काय?"

"काकी, मी…"

"तुला चुलीपाशी बसून सांगितलं होतं. माझ्या घरची पोर म्हणून."

"काकी, ते फक्त विषय ठरवायला…"

"खोटं लिहिलं असतंस ना, तर भांडले असते तुझ्याशी." तिनं मोबाइल पदरात गुंडाळला. "खरं लिहिलंस. आता भांडू तरी कशी?"

ती उठली. तिच्यामागे रूपी उठली, तानी उठली. आईनं माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली… ती फिरवलेली नजर मला अजून आठवते.

मी घरामागे जाऊन धनेशला फोन लावला.

"का टाकलास फोटो?"

"अगं, मस्त आहे ना? तीनशे लोकांनी…"

"त्या माझ्या काकीचं नाव आहे त्यात!"



"काकीचं…? शितल, ती कार्डं बनवलेली असतात. राहुल, नेहा… कोणी नसतंच तसं. आपण कल्पनेतला माणूस उभा करतो. तू… तू खऱ्या बायका लिहिल्यास?"

"मला कोणी सांगितलं नाही कल्पनेतला लिहायचा!" मी किंचाळलेच. "माणूस लिही म्हणाल्या, मी माणूस लिहिला!"

"मी आत्ता काढतो फोटो. आत्ता, या मिनिटाला…"

त्यानं काढला. पण तोवर तो वापीपर्यंत पोचला होता, तलासरीच्या शाळेच्या ग्रुपवर पोचला होता, कुठे कुठे गेला होता देव जाणे. मी फोन बंद केला. पुढच्या रविवारी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सरिता मॅडमना निरोप धाडला, पोट दुखतंय. खरंच दुखत होतं. मोठा हॉल, दुपारी दोन, चाळीस खुर्च्या, आणि त्यावर कोणी नाही. ज्यानं आपली जागा दिली, तो दारात उभा राहून त्या रिकाम्या खुर्च्या बघतोय… मी पुस्तक उघडलं की पानावर मला खुर्च्याच दिसायच्या. मी त्या मोजत बसायचे.

काकी वाटेत दिसली तर बाजूनं निघून जायची. शिवी दिली असती तर किती बरं झालं असतं!

*

झोडणीचे दिवस. खळं सारवून तयार, भाताचे भारे रचलेले. आमच्या खळ्यावर पाड्यातल्या सगळ्या बायका होत्या, कारण झोडणीला रुसवा चालत नाही. काकीसुद्धा होती. माझ्याशी न बोलता माझ्याच शेजारी उभी राहून भारे झोडत होती. भाताची कुसं मानेला खाजत होती. मी मान वर केली, आणि हातातला भारा तसाच राहिला.

बांधावरून कोणीतरी येत होतं. पाठीवर सॅक.

नको. नको नको नको… पाड्यात मुलगा आला, तो रखमीच्या पोरीला शोधत आला, हे आजच्या आज उधव्यापासून तलासरीपर्यंत जाणार! आई दहा हातांवर उभी. बाबा बैल पाजायला गेलेले, कोणत्याही क्षणी येतील. पळावं कुठे? सगळीकडे कापलेली शेतं, लपायला एक झाडसुद्धा नाही.

आणि तो आला तो सरळ बूट घालून खळ्यावर!

"पायताण!" पंधरा बायका एकदम ओरडल्या.

धनेश जागच्या जागी थिजला. एक पाय खळ्यावर, एक पाय हवेत. मासेमाराच्या पोराला काय ठाऊक, खळ्यावर पायताण घालून जायचं नसतं! त्यानं एका पायावर उड्या मारत बूट काढले, एकाबरोबर मोजाही निघून आला. रूपी फिस्सकन हसली, आणि पटकन तोंडावर पदर घेतला.

"कोण रे तू?" काकीनं विचारलं.

"धनेश. वाढवणचा. तो फोटो… मी टाकला होता." त्याचा आवाज चिरकला. "शितलनं नाही. तिला माहीतसुद्धा नव्हतं. मला वाटलं ती माणसं खोटी आहेत. मी… तुमची माफी मागायला आलोय."

"एवढ्या लांब?"

"तीन जीपा बदलल्या. एक चुकीची पकडली होती."

काकीनं हातातला भारा खाली ठेवला. कपाळ पुसलं. त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, पायात एकच मोजा होता. "तसलं कोरं गुलाबी कार्ड आहे तुझ्याकडे?"

त्यानं सॅकमधून काढलं.

"लिही. नाव, वय, गाव. भीती पण लिही. आमची सगळ्यांनी वाचली, आता तुझी आम्ही वाचू."

तो खळ्याच्या कडेला उकिडवा बसला आणि गुडघ्यावर कार्ड ठेवून लिहायला लागला. मध्येच थांबला. पेन चावलं. पुन्हा लिहिलं. माझं काळीज एवढं वाजत होतं, की मला वाटलं झोडणीच चालू आहे.

"शितल, तू वाच," काकी म्हणाली. तीन आठवड्यांनी माझं नाव घेतलं तिनं! "मोठ्यानं. माझं कसं सगळ्या डहाणूला ऐकवलंस, तसं."

मी कार्ड घेतलं. त्याच्या बोटांचा घाम लागून एक कोपरा मऊ झाला होता.

"नाव: धनेश. वय: एकोणीस. गाव: वाढवण. भीती…" मी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "एक: समुद्राची. होडीत बसलो की उलटी होते, आणि बाबा कोणाला सांगत नाहीत."

बायका हसल्या. पण वाईट नाही, मऊ हसल्या.

"दोन…"

मी थांबले.

"वाच की."

"दोन…" मी पुढची ओळ आधी मनात वाचली. आई समोर. काकी समोर. आणि तो बांधाकडे तोंड करून उभा, कान लालभडक.

"अक्षर कळत नाही काय त्याचं?" तानीनं खोचकपणे विचारलं.

"दोन," मी इतक्या हळू वाचलं की चिमणीलाही ऐकू गेलं नसतं, "जीप निघते, आणि शितल मागे वळून बघत नाही… याची."

मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. आईचा चेहरा बघायची माझी हिंमत नव्हती. एक, दोन, तीन… मी मोजत होते. नवापर्यंत आले, तेव्हा आईचा आवाज आला.

"पोरानं सकाळपासून काही खाल्लं नसेल. शितल, त्याला भाकरी आण. आणि तू रे, भाकरी खाल्लीस की सरळ जीप. बरोबरची पकड या वेळेला."

तो जेवला, निघाला. कार्ड काकीनं स्वतःकडे ठेवून घेतलं. जाताना त्यानं तिला विचारलं, "काकी, मग डिसेंबरात…?"

"बघू," काकी म्हणाली, आणि भारा उचलला.

*

बघू! 'बघू' या शब्दावर मी तीन आठवडे जगले, रविवारच्या मीटिंगांना पुन्हा जायला लागले.

मेळ्याच्या दिवशी मी पहाटेच्या जीपनं आले होते, तयारीला. दुपारी पावणेदोन. मोठा हॉल. चाळीस खुर्च्या मीच मांडल्या होत्या. बारक्या खोलीत धनेशचं सेशन दोनलाच सुरू व्हायचं होतं, पण तो माझ्या हॉलच्या दारात उभा होता.

"तुझे श्रोते वाट बघतायत," मी म्हणाले.

"पाच मिनिटं. मॅडमना सांगितलंय."

दोन वाजले. चार जण बसले होते. चारही कॉलेजची मुलं, बारक्या खोलीत जागा नाही म्हणून आलेली. माझ्या हातातला माइक घामानं निसटत होता.

"नाही आल्या तर?" मी विचारलं.

"तर मी बसतो," तो म्हणाला. "पहिल्या रांगेत. माझी सगळी बटणं चुकतात."

मला हसू यायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं. दोन वाजून सात मिनिटं… आठ… आणि जिन्यावर बांगड्या वाजल्या.

आधी काळी काकी. ठरवलेलीच साडी, जांभळी. मागे रूपी, तानी, आई, आणि मागे, आणि मागे… मी मोजायचं सोडून दिलं. सगळ्यांच्या शेवटी, दाराशी घुटमळणारा मनिष. वापीहून मुद्दाम रजा टाकून आलेला. तिसऱ्या रांगेच्या कडेला बसला, मान खाली घालून.

धनेश मला काहीतरी म्हणाला आणि बारक्या खोलीकडे पळाला. काय म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही.

मी बोलले. कशी बोलले, विचारू नका. पहिली दोन वाक्यं मराठीत, मग भीती वाढली तशी आमच्या बोलीत. त्यानंतर जे काही झालं ते सगळं बोलीतच झालं. मग मी विचारलं, "बटण कोण दाबणार?"

काकी उठली. पदर खोचून स्टेजवर आली. मोठ्या पडद्यावर आमच्या पापडांचं पान होतं. तिनं बोट पुढे नेलं… मागे घेतलं… आणि दाबलं.

पान गेलं. फोटो, भाव, पत्ता, सगळं गेलं. पडदा पांढराफटक.

काकीनं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं वळून तिसऱ्या रांगेकडे बघितलं. सगळा हॉल तिकडे वळला. कार्ड सगळ्यांनीच वाचलं होतं ना…

मनिष उभा राहिला. मग म्हणाला, "आई… आता काय करायचं? मलापण येत नाही गं."

काकी त्याच्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे वळली. "ये इकडे," ती म्हणाली, "दाखवते." आणि मी आत्ताच सांगितलं होतं तसं, जुन्या पानांच्या यादीवर, कालच्या तारखेवर बोट ठेवलं.

पापड परत आले.

चाळीस बायकांच्या टाळ्या कशा वाजतात, ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. शेजारच्या बारक्या खोलीतून वीस जण धावत आले, काय कोसळलं बघायला. त्यांच्या पुढे धनेश.

*

साडेपाचला शेवटची जीप, बाकीच्या आधीच निघालेल्या. बायका आत कोंबून बसलेल्या, मनिष टपाच्या शिडीला लटकलेला. मी खाली उभी, आणि धनेश माझ्यासमोर.

"तुझं कार्ड अजून बाकी आहे," तो म्हणाला.

दुपारी, सेशन संपल्यावर खुर्च्या आवरता आवरता, मी ते लिहिलं होतं. दोन महिन्यांपासून लिहायचं होतं. ओढणीच्या गाठीत होतं. काढायला गेले, तर गाठच सुटेना. जिना चढताना, खळ्यावर, हॉलमध्ये… कुठेच एवढी भीती वाटली नव्हती. मी ते त्याच्या हातात कोंबलं आणि जीपच्या चाकाकडे बघत राहिले.

'नाव: शितल. वय: अठरा. गाव: उधवा. भीती: मेळा झाला. आता पुढच्या रविवारी मीटिंग नाही.'

तो वाचत राहिला. एवढंसं कार्ड, त्याला एवढा वेळ? मग त्यानं खिशातून पेन काढलं, जीपच्या बॉनेटवर कार्ड ठेवलं आणि त्याच्या पाठीवर काहीतरी लिहिलं.

'विषय: अजून ठरायचा आहे. वेळ: रविवार, अकरा. जागा: झेरॉक्सचं दुकान. प्रेक्षक: एक. वक्ता: एक. (अदलाबदल चालेल.)'

"प्रेक्षक आधी," तो म्हणाला. आवाज पुन्हा चिरकला. "विषय नंतर. मॅडमचा नियम आहे."

"आईला सांगून येईन," मी म्हणाले.

"सांगूनच ये. मला पुन्हा खळ्यावर यायची भीती वाटते."

"ए शितल!" जीपमधून काकी ओरडली. "काय लिहिलं त्यानं? वाच की मोठ्यानं!"

मी कार्ड ओढणीत घट्ट बांधलं. दोन गाठी मारल्या.

"नाही काकी," मी म्हणाले. "हे भिंतीवर लावायचं नाही."

काकी पोट धरून हसली. आई हसली नाही, पण सरकून मला खिडकीजवळची जागा दिली. जीप सुरू झाली. पुढची सीट गेली होती केव्हाच, आणि मी स्टेशनचा रस्ता संपेपर्यंत मागे वळून बघत होते.